ॲलर्जीच्या दिवसांत लॅश एक्स्टेन्शनची काळजी कशी घ्यावी? दिवाळीच्या सुमारास माझे डोळे खाजतात आणि तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य आहे.

धुवा. रोज धुवा. बाकीचं नंतर सांगते, कारण "लॅशेसना पाणी लावू नका" हे ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं.

मी पुण्यात लॅशेस करते, म्हणजे पापण्यांच्या केसांना ग्लूने खोटे केस चिकटवते. आता स्वतःचं आहे, आधी एका पार्लरमध्ये नोकरीला होते. तिथल्या मॅडम प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना बजावायच्या, "पाणी लागलं तर गळतील, मग माझ्याकडे यायचं नाही." लावल्यावर पहिले 24 तास कोरडं ठेवा म्हणतात, ते ठीक. पण मॅडमचे 24 तास थेट पुढच्या रिफिलपर्यंत (गळलेल्यांच्या जागी नव्या लॅशेस लावेपर्यंत) चालायचे.

एका ऑक्टोबरात एक करवली आली. बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच, घरी दिवाळीची झाडझूड काढलेली, आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गाजर गवत. (हे गवत 1950 च्या दशकात पुण्यात नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. तेवढा मान आपला.) तिला दरवर्षी या दिवसांत शिंका आणि डोळ्यांना खाज. मॅडमचं ऐकून पोरीने डोळ्यांना पाण्याचा थेंब लावला नाही, तोंडसुद्धा ओल्या रुमालाने गालापुरतं पुसायची. रिफिलला आली तेव्हा पापण्यांच्या मुळाशी पिवळट खपल्या, कडा लालबुंद, आणि चोळून चोळून डाव्या डोळ्याच्या लॅशेस एकमेकींत गुंतलेल्या.

मॅडमनी लगेच निदान केलं, "डोळ्यात ड्रॉप्स घातलेस ना? त्यानेच झालं." मी तिथेच म्हटलं, मॅडम, धूळ आणि पराग त्या केसांत अडकून बसलेत. धुतल्याशिवाय खाज जाणार नाही, आणि खाज आहे तोवर ती चोळणारच. गिऱ्हाइकासमोर उलट बोलले म्हणून आत नेऊन मला झाडलं. मी त्या मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, ब्लेफरायटिस आहे, म्हणजे पापण्यांच्या कडांना सूज, लॅशेस काढा, पापण्यांच्या कडा रोज स्वच्छ करा, ॲलर्जीचे ड्रॉप्स घाला. हे मी मॅडमना सांगितलं तर उत्तर काय, "डॉक्टरांना पार्लरमधलं काय कळतं?" करवली लग्नात साधा मस्कारा लावून मिरवली आणि फोटोत झकास दिसत होती. मी ती नोकरी सोडली.

तर तुमचं. बिनतेलाचा फोमवाला लॅश क्लीन्झर, मऊ ब्रश, मुळापासून टोकाकडे. मग साधं पाणी, टिश्यूने टिपायचं, वाळल्यावर स्पूलीने, म्हणजे मस्काऱ्यासारख्या छोट्या ब्रशने, विंचरायच्या. बाहेरून आल्यावर एकदा, झोपण्याआधी एकदा. खाज सुटली की मिटलेल्या डोळ्यावर गार पाण्याची पट्टी. चोळलंत तर नुसतं एक्स्टेन्शन पडत नाही, ते तुमचा स्वतःचा केसही उपटून नेतं. ड्रॉप्स बिनधास्त घाला. खालची पापणी जरा ओढून आत एक थेंब, डोळा मिटायचा, ओघळेल ते टिपायचं. ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे ड्रॉप्स पाण्यातले असतात, ग्लूचा खरा वैरी तेल आहे. म्हणून तुपातलं काजळ बंद, आणि नरकचतुर्दशीला आईला सांगा, तेल कपाळाच्या वरच थांबव. मात्र मेडिकलवाल्याने परस्पर दिलेले ड्रॉप्स नकोत. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

हो, आणि हे आधीच लिहायला हवं होतं: वरचं सगळं खाज धुळीची-परागांची असेल तर. लावल्यापासून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पापण्याच सुजल्या, तर बहुधा ग्लूची ॲलर्जी. ग्लूमध्ये सायनोॲक्रिलेट असतं, त्याला धुणं उपयोगाचं नाही. लॅशेस रिमूव्हरने काढून घ्यायच्या, स्वतः ओढायच्या नाहीत, आणि डॉक्टरांना दाखवायचं. आत्ताच डोळे लाल असतील तर लावूच नका, मी अशांना परत पाठवते. क्लासिक (एका केसावर एक) की व्हॉल्यूम (एका केसावर झुपका) हे डोळे बघितल्याशिवाय सांगणार नाही, पण खाजऱ्या दिवसांत जितक्या विरळ तितक्या धुवायला सोप्या.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा ग्लू लावून ॲलर्जी येते का बघणं, दिवाळीआधी उरकून घ्या, लॅशेस कार्याच्या तीन-चार दिवस आधी. पॅच टेस्टला नाही म्हणणारं पार्लर असेल तर खुर्चीतून उठा. आमच्या जुन्या मॅडम तिला अजून "फुकटची कटकट" म्हणतात. त्यांची गिऱ्हाइकं मग लॅशेस काढून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि काढायचे मी पूर्ण पैसे घेते.