गुराब एक, गुराबा अनेक

विचारणा अशी होती : ‘आंग्र्यांचा गुराबा समुद्रात उतरला’ असं वाचनात आलं, हा गुराबा म्हणजे नेमकं कसलं जहाज?

आधी रूप सुधारून घेऊ. मूळ शब्द ‘गुराब’ आणि तो स्त्रीलिंगी. वीट-विटा, माळ-माळा, तशी गुराब-गुराबा. उतरली ती गुराब, उतरल्या त्या गुराबा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणात फार थोर नाहीत, फार लहान नाहीत अशा मध्यम गुराबा ‘सजाव्या’ असंच क्रियापद येतं. एका सुभ्याला, म्हणजे आरमाराच्या एका तुकडीला, पाच गुराबा आणि पंधरा गलबतं, हे प्रमाणही तिथलंच.

शब्द अरबीतून आला. अरबीत ‘घुराब’ म्हणजे कावळा. गरीब, गुलाम, गैर या शब्दांत त्या अरबी अक्षराचा मराठीत ‘ग’ झाला, तोच इथेही. डांबराने काळं झालेलं अंग आणि चोचीसारखं पुढे आलेलं टोक यांमुळे जहाजाला कावळ्याचं नाव पडलं असं सांगतात, आणि मला ते पटतं, कारण गुराबेची खरी ओळख तिच्या नाळेतच, म्हणजे पुढच्या टोकातच आहे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म हिचं बारकाईने वर्णन करतो. मध्ये रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, उथळ पाण्यातही चालणारी. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. नाळेच्या मागच्या आडव्या भिंतीला झरोके पाडून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत, नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या. वारा पडला तरी काम अडत नसे. चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं गुराबेला दोराने ओढत शत्रूच्या पिछाडीला नेऊन भिडवत. आज्ञापत्रात वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजं बांधू नयेत असं का म्हटलंय, ते इथे उमगतं.

इंग्रजांनी हाच शब्द ‘ग्रॅब’ असा लिहिला. हिसकावणे या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाशी त्याचं काही नातं नाही. सारखेपणा नुसता कानाचा.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, त्यात गुराबाही गेल्या. गलबत आजही सगळ्यांना कळतं. गुराब मात्र बखरीत आणि जुन्या कागदांतच भेटते.