लोकल पकडण्याआधी चार वेळा

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पोट रोज का बिघडतं? आयुर्वेदानं किंवा घरच्या उपायांनी आयबीएस जाईल का?" आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासण्यांत काही न सापडता पोट वारंवार दुखणं-बिघडणं. हा प्रश्न नेहमीचाच. या वेळी तो विचारत होते डोंबिवलीहून फोर्टला बँकेत जाणारे, 34 वर्षांचे एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). घरातून निघण्याआधी चार वेळा संडासला जायचे, तरी 'पोट साफ झालं नाही' ही रुखरुख राहायचीच. लोकलमध्ये सोय नसते, म्हणून कधी ठाण्याला उतरायचं, कधी दादरला.

शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर काढे-चूर्णं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. यांना यातलं काही नव्हतं. थायरॉइड आणि सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) तपासणीही झालेली होती.

मग त्यांनी उपायांची यादी सांगितली, आणि घोळ तिथेच दिसला. पहाटे कोमट पाण्यात लिंबू-मध. प्रवास असेल त्या दिवशी कुटजघन वटी, म्हणजे जुलाब थांबवणारी आयुर्वेदिक गोळी. तिनं दोन दिवस मलावरोध झाला की रात्री त्रिफळा. त्रिफळ्यानं सकाळी पातळ, की पुन्हा कुटज. एक औषध बांधतंय, दुसरं सोडतंय, आणि दोष मात्र आतड्याला! मधातलं फ्रुक्टोजही काहींना फुगवतं. गव्हाचा कोंडा तर आयबीएसमध्ये बऱ्याचदा गॅस आणि कळ वाढवतो. तोही ते रोज खात होते.

सगळं एकदम बंद करून एकच गोष्ट ठेवली: इसबगोल. एक चमचा, ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर अर्धा ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर तेच अडकून बसतं. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे घट्ट आणि पातळ, दोन्ही बाजूंना उपयोगी. दोन आठवड्यांनी जेवणासोबत ताक: दोन चमचे ताजं, आंबट नसलेलं दही, ग्लासभर पाणी, घुसळून लोणी काढलेलं, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सुंठ. चरकसंहितेत ग्रहणीच्या (पचन बिघडण्याच्या जुनाट विकाराच्या) चिकित्सेत ताकाचं कौतुक आहे, पण दुधानं ज्यांचं पोट गुडगुडतं त्यांनी अर्ध्या ग्लासानं सुरुवात करावी. हिंग्वाष्टक (हिंगाचं पाचक चूर्ण) हवं असेल तर पाव चमचा, तुपाबरोबर पहिल्या घासाला. त्यात सैंधव असतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी वैद्यांना विचारूनच. कुटजही वैद्यांच्या सल्ल्यानंच.

कांदा-लसणाचा त्रास काहींना खरोखर होतो. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो. फुगवणारा भाग तेलात उतरत नाही. पण असे पदार्थ टाळण्याचा प्रयोग चार-सहा आठवडेच. नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, नाहीतर ताटात मऊ भातच उरतो.

चौदा दिवसांची वही मात्र जास्त बोलली. वेळ, शौचाचं स्वरूप, खाणं, मनाची स्थिती. रविवारी मिसळ खाऊनही पोट शांत, सोमवारी नुसत्या चहावर तीन फेऱ्या. "म्हणजे हे सगळं मनाचंच का?" त्यांनी जरा दुखावूनच विचारलं. नाही. दुखणं खरंच होतं. मेंदू आणि आतड्याच्या नसा सतत बोलत असतात. धास्तीनं मोठं आतडं जोरानं आकसतं, आणि संवेदनशील झालेल्या गुदाशयाला रिकामं असतानाही भरल्यासारखं वाटतं. त्या 'साफ न झाल्या'च्या भावनेमागे धावून कुंथलं की ती आणखी वाढते.

सकाळ बदलली. चाळीस मिनिटं आधी उठायचं, आधी थोडं खायचं (तांदळाची उकड किंवा भाकरी), कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. मग अर्ध्या तासानं एकदाच, दहा मिनिटं, कमोडपुढे पायाखाली पाट, मोबाइल बाहेर. पुन्हा वाटलं तर वीस मिनिटं थांबायचं: नाभीवर हात, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बहुतेक वेळा लाट चढते आणि ओसरते. सर्वांत कठीण हेच गेलं.

मग लोकल. रविवारी दुपारी स्लोनं डोंबिवली ते दिवा, मग ठाण्यापर्यंत, मग गर्दीच्या वेळी, शेवटी फास्ट. खिशातली 'वेळेला असू दे' म्हणून ठेवलेली गोळी सातव्या आठवड्यात घरी राहिली.

अडीच महिन्यांनी सकाळच्या फेऱ्या एक-दोनवर आल्या, इसबगोल चालू आहे, त्रिफळा बंद. ऑडिटच्या आठवड्यात एकदा ठाण्याला उतरावंच लागलं. पुढची गाडी पकडली, वीस मिनिटं उशिरा पोचले आणि वहीत तेवढंच लिहिलं.