साठीनंतर वजनाचं ऑपरेशन: आधी एवढं करा

भाऊ, बासष्टाव्या वर्षी वजन कमी करायचं, म्हणजे जठराचं ऑपरेशन करायला उशीर झाला असं मनात आणू नका. मीही साठीनंतरच केलं. या वयात डॉक्टर हृदय, फुप्फुसं, किडनी नीट तपासतात. तपासण्यांना कंटाळू नका.

पहिलं काम, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. बिडीही. "भरती व्हायच्या दिवशी सोडतो" ही आपल्याकडची नेहमीची चूक. किमान सहा आठवडे आधी सोडा, नाहीतर जखम भरायला त्रास होतो.

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. त्यानं यकृत आकसतं, ऑपरेशनसाठी पोटात घालायच्या दुर्बिणीला जागा मिळते. "पुढं खायला मिळणार नाही" म्हणून तेव्हाच सावजी रस्स्यावर ताव मारू नका, कळकळीनं सांगतो.

- शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, वैदूचा काढा, सगळं डॉक्टरांना सांगा. मनानं काही बंद करू नका.
- रोज चाला. उन्हाळ्यात पहाटेच.
- घास बारीक चावा, जेवताना पाणी नको. ही सवय आत्ताच लावा.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर लागते. त्यासाठी वावराच्या हंगामात नागपूरला कोण नेईल, हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं करतात) की बायपास (हृदयाचा नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात), ते तपासण्या झाल्यावर बोलू.