आतड्याचा दाह आणि त्यावर पोसले जाणारे जिवाणू

आपले दोन प्रश्न आहेत. दाह ही जर जिवाणूंना मारण्याची शरीराची रीत असेल, तर साल्मोनेला या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूची लागण झालेल्या आतड्यात दाह भडकत असताना साल्मोनेलाची संख्या घटण्याऐवजी वाढते कशी, हा पहिला. आणि अशा रुग्णाला बहुतेक वेळा लगेच प्रतिजैविक का दिले जात नाही, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्याचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल, कारण जिवाणू हल्ला करतो आणि प्रतिकारशक्ती त्याला परतवते एवढ्याच चित्राने आतड्यातील घडामोडींचा उलगडा होत नाही.

आतड्याच्या पोकळीत मुक्काम असलेले कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणू हा या गोष्टीतला तिसरा पक्ष आहे. त्यांनी जागा आणि अन्न दोन्ही व्यापलेले असते, त्यामुळे बाहेरून आलेल्या थोड्याशा साल्मोनेलांना तिथे पाय रोवणे कठीण जाते. उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक देऊन हे रहिवासी जिवाणू हटवले, तर लागण होण्यासाठी लागणारी साल्मोनेलाची मात्रा हजारो पटींनी कमी होते, हे 1950च्या दशकातच दिसून आले होते. म्हणजे साल्मोनेलाचा पहिला सामना या रहिवाशांशी असतो, आणि तो जिंकण्यासाठी तो यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात तो शिरला त्याच्या, प्रतिकारयंत्रणेलाच कामाला लावतो.

हे कसे घडते ते पाहू. साल्मोनेलाच्या पृष्ठभागावर इंजेक्शनच्या सुईसारखी एक रचना असते. तिच्यातून तो आपली प्रथिने आतड्याच्या अस्तरपेशीत सोडतो, आणि त्या प्रथिनांच्या प्रभावाने पेशी त्याला स्वतःहून आत ओढून घेते. पण पेशीच्या आत पहारा देणारी प्रथिने असतात. ती या सुईचे भाग आणि जिवाणूच्या कशाभिकेतील (पोहण्यासाठीच्या शेपटीसारख्या धाग्यातील) फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतात. धोक्याची सूचना जाते, बाधित पेशी अस्तरातून सुटून पोकळीत ढकलली जाते, आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे लोंढे आतड्यात उतरतात. ऊतकात शिरलेले बरेच साल्मोनेला या धुमश्चक्रीत मरतात. विशेष म्हणजे, एकाच वाणाच्या सगळ्या साल्मोनेलांमध्ये ही सुई एकाच वेळी तयार होत नाही. काही जण ती घेऊन आत घुसतात, दाह पेटवतात आणि मरतात. पोकळीत राहिलेल्या त्यांच्या भाईबंदांना त्या दाहाचा फायदा मिळतो.

हा फायदा नेमका कोणता, हे रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते. आतड्यातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात, आणि अस्तरपेशी त्याचे रूपांतर निरुपद्रवी थायोसल्फेटमध्ये करतात. न्यूट्रोफिल जे तीव्र ऑक्सिडीकारक पदार्थ फवारतात, त्यांच्यामुळे या थायोसल्फेटपासून टेट्राथायोनेट तयार होते. साल्मोनेला ऑक्सिजनऐवजी टेट्राथायोनेट वापरून श्वसन करू शकतो, तर केवळ किण्वनावर (श्वसनाविना अन्न आंबवून ऊर्जा मिळवण्यावर) जगणाऱ्या बहुसंख्य रहिवाशांना ते जमत नाही. श्वसनातून ऊर्जा जास्त मिळते, आणि किण्वनाने ज्यांचा उपयोग करता येत नाही असे पोषक पदार्थही साल्मोनेलाला वापरता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बॉयमलर यांच्या गटाने हे 2010 मध्ये दाखवून दिले.

वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना टेट्राथायोनेट हे नाव फार आधीपासून परिचित आहे. मलाच्या नमुन्यात साल्मोनेला थोडे असले, तर त्यांची वाढ करून घेण्यासाठी टेट्राथायोनेट ब्रॉथ हे माध्यम 1923 पासून वापरले जाते. थायोसल्फेट असलेल्या आणि तळाशी खडूचा पांढरा थर बसलेल्या या द्रावणात वापराच्या आधी आयोडीन घातले, की त्याचा तपकिरी रंग क्षणात जातो आणि थायोसल्फेटचे टेट्राथायोनेट होते. दाह झालेल्या आतड्यात जे न्यूट्रोफिलांमुळे घडते, तेच आयोडीन बाटलीत घडवून आणते. या माध्यमाचा खरा अर्थ कळायला जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली, याचे मला आजही नवल वाटते.

लोहाच्या बाबतीतही तसेच आहे. दाहाच्या वेळी शरीर लिपोकॅलिन-2 हे प्रथिन सोडते. जिवाणू लोह गोळा करण्यासाठी एंटरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर पाठवतात. लिपोकॅलिन त्यालाच पकडून जिवाणूंची उपासमार करते. साल्मोनेला मात्र या रेणूला ग्लुकोज जोडून साल्मोकेलिन बनवतो, आणि ते लिपोकॅलिनच्या पकडीत येत नाही. हे शस्त्र त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना लागते, त्याला लागत नाही.

आणखी एक प्रयोग मला निर्णायक वाटतो. झ्युरिकमधील हार्ट यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवले की, दाह घडवण्याची क्षमता काढून घेतलेला साल्मोनेला रहिवासी जिवाणूंपुढे हरतो. पण उंदराच्या आतड्यात दुसऱ्याच कारणाने दाह झालेला असेल, तर तोच दुबळा साल्मोनेला तिथे जम बसवतो.

सर्वच रोगकारक हा मार्ग घेत नाहीत. विषमज्वराचा साल्मोनेला टायफी नेमका उलट वागतो. तो व्हीआय नावाच्या शर्करायुक्त आवरणाने स्वतःला झाकून घेतो, त्यामुळे न्यूट्रोफिलांना सुगावा कमी लागतो, आणि म्हणूनच विषमज्वरात जुलाबांपेक्षा ताप पुढे असतो. पुढे याच आवरणापासून लस तयार करता आली. रक्ताची हगवण घडवणारा शिगेला हा जिवाणू पेशीच्या आत राहतो आणि तिथली धोक्याची यंत्रणाच निकामी करतो. त्याचे एक प्रथिन कॅस्पेज-4 या महत्त्वाच्या विकराला (एन्झाइमला) बंद पाडते. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरीने आपल्या फ्लॅजेलिनचा ओळखला जाणारा भागच बदलून टाकला आहे, आणि त्यामुळे तो अनेक दशके टिकून राहतो.

शरीराकडे दाहाविना चालणारे उपायही आहेत. आतड्यात दररोज काही ग्रॅम आयजीए प्रतिपिंडे स्रवतात. जिवाणू दुभंगतो तेव्हा ती त्याच्या दोन्ही पिल्लांना एकमेकांपासून सुटू देत नाहीत; अशा चिकटलेल्या गाठी अस्तरापर्यंत न पोहोचता मलाबरोबर बाहेर पडतात. हे काम न्यूट्रोफिलांना न बोलावता होते, म्हणून टेट्राथायोनेटही तयार होत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सरसकट सल्ला मला यासाठीच अपुरा वाटतो, कारण कोणता प्रतिसाद वाढवायचा हे त्यात सांगितलेलेच नसते.

आता आपला दुसरा प्रश्न. निरोगी प्रौढ व्यक्तीला साल्मोनेलाचे साधे जुलाब झाले असतील, तर प्रतिजैविकाने आजाराचा काळ फारसा कमी होत नाही, रहिवासी जिवाणू मात्र मारले जातात, आणि मलातून साल्मोनेला बाहेर पडत राहण्याचा काळ लांबू शकतो. अशा वेळी शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच मुख्य उपचार असतो. तान्ही मुले, वृद्ध, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण आणि ज्यांच्या रक्तात जिवाणू शिरले आहेत असे रुग्ण यांना प्रतिजैविक सहसा द्यावे लागते. विषमज्वरात तर त्याला पर्याय नाही. मलात रक्त दिसत असेल किंवा ताप चढता असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये आणि डॉक्टरांकडून मलाची तपासणी करून घ्यावी, कारण शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंच्या लागणीत चुकीच्या औषधाने मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढू शकतो.