कालनिर्णयावरचं वजन

"आधी हिचं वजन उतरू दे, मग बाकीचं." फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारी बहुधा आई असते आणि मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली.

या आईने तर कालनिर्णयाची पानंच आणली होती. दर रविवारच्या चौकटीत १९ वर्षांच्या लेकीचं वजन, लाल पेनाने. "आळशी आहे, मॅडम. दमच नाही तिच्यात. धाकटा बघा कसा सडसडीत!"

"त्याचं वजन कुठे लिहिता?"

"त्याचं कशाला?"

हा धाकटा दिवसभर मोबाइल घेऊन लोळतो आणि दोन जिने चढला की धापा टाकतो, हे पुढच्या भेटीत तिनेच सांगितलं. तरी तिच्या लेखी तोच धडधाकट.

तिसऱ्या भेटीत विषय चतुर्थीवर आला. फुगड्यांचं नाव काढताच आईचा चेहरा खुलला. "ही घालते ना! शेवटी फू-फू करत वेग वाढतो, तेव्हा बाकीच्या पोरी भिंतीला टेकतात. ही उभीच!"

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं मला बऱ्याच वर्षांनी जमू लागलं आहे.

मुलगीच म्हणाली, "मग यंदा मागे उभी राहा का म्हणालीस? व्हिडिओत जाड दिसेन म्हणून?"

पानाची घडी घालणारे आईचे हात थांबले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दम नाही असं मीच म्हणत होते गो."

वजनापेक्षा त्याला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं माझं ठाम मत आहे. काट्यावर आळस मोजता येत नाही. ज्या बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने काढलेल्या वजनाच्या आकड्याचा, एवढा धाक, तो १९व्या शतकात केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांच्या अभ्यासातून मांडला. त्या आकड्याला स्नायू आणि चरबी वेगळी कळत नाही. वजनाकडे डोळेझाक करा असं मी कधीच सांगत नाही. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर साखर, रक्तदाब जरूर तपासून घ्या. बारीक, पण बैठ्या मुलाचंही तपासा. मात्र टोमण्यांनी कुणी चालायला लागत नाही. लाजेने मुली मैदान सोडतात, लपून खातात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम सांगते, जाड-बारीक सगळ्यांनाच. म्हणून म्हटलं, कालनिर्णयावर लिहायचंच असेल तर मिनिटं लिहा, तिघांचीही.

पुढच्या महिन्याच्या पानावर आईच्या अक्षरात होतं, "फर्मागुडीचा चढ, ४० मि." खाली लेकीने लिहिलेलं, "आई दोनदा थांबली. भाऊ तीनदा."