वय ३४. दोन महिन्यांपूर्वी अकूस्टिक गिटार घेतली. कॉर्ड येतात, पण गाण्यात बदलताना हात थांबतो. कोणती सोपी रॉक गाणी शिकू?

तुम्ही लिहिलंय की ई मायनर, जी, सी आणि डी सुट्या नीट वाजतात, पण गाणं सुरू झालं की प्रत्येक बदलाला अडखळायला होतं. म्हणून माझी पहिली विनंती ही, की गाणं निवडताना त्यात किती कॉर्ड आहेत हे मोजत बसू नका. उजवा हात शेवटपर्यंत न थांबता चालेल का, तेवढं बघा.

मी लहानपणी आजोबांबरोबर भजनाला बसायचो. टाळ धरणारा एखादा शब्द चुकतो, कधी अख्खी ओळ विसरतो, पण टाळ थांबवत नाही. पुढच्या समेला तो पुन्हा सगळ्यांबरोबर असतो. गिटारमध्ये उजवा हात म्हणजे तो टाळ. डाव्या हाताची कॉर्ड अर्धवट बसली, दोन तारा दबल्याच नाहीत, तरी उजव्या हाताने खाली-खाली-खाली-खाली चालूच राहायचं. मी एकोणतिसाव्या वर्षी शिकायला लागलो तेव्हा क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची अवघड कॉर्ड) असलेलं गाणं दिलं होतं. तीन महिने मी एकही गाणं पूर्ण वाजवलं नाही. तुमचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

सुरुवात कॉर्डशिवाय करा. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' (१९७२) याचा रिफ (पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट) जगभर नवशिके पहिला वाजवतात, पण बहुतेकजण तो एकाच तारेवर वाजवतात आणि मग मूळ गाण्यासारखा का वाटत नाही म्हणून हिरमुसतात. तो दोन तारांवर आहे. चौथी आणि तिसरी तार (सगळ्यात बारीक तार पहिली धरून) एकदम, दोन्हींवर एकच फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधला घर), मोकळी म्हणजे न दाबता: मोकळी, ३, ५, मोकळी, ३, ६, ५, मोकळी, ३, ५, ३, मोकळी. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हा रिफ पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) न वाजवता बोटांनी दोन्ही तारा एकाच वेळी चिमटीत ओढतो. तुम्हीही अंगठा आणि तर्जनीने तसं करून बघा, आवाज लगेच भरीव होतो. गाण्याची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या मॉन्त्रो गावी अमेरिकी संगीतकार फ्रँक झाप्पाच्या मैफलीत कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळाला. त्याच कॅसिनोत डीप पर्पलला ध्वनिमुद्रण करायचं होतं. तलावावर पसरलेला तो धूर गाण्याच्या नावात आला. हे ठाऊक असलं की रिफमधल्या मोकळ्या जागा घाईने भरून काढाव्याशा वाटत नाहीत, आणि नवशिका नेमका त्याच जागांवर घाई करतो.

द व्हाइट स्ट्राइप्सचं 'सेव्हन नेशन आर्मी' (२००३) दोन दिवसांत येईल. सगळं पाचव्या तारेवर: ७, ७, १०, ७, ५, ३, २. मूळ गाण्यात तो आवाज बेस गिटारसारखा खोल लागतो, पण ती साधी गिटारच आहे, पेडल लावून एक सप्तक खाली उतरवलेली. तुमच्या अकूस्टिकवर तो पातळ वाटला तर चूक तुमची नाही.

आता कॉर्ड. इथे 'अमेरिका' या बँडचं 'अ हॉर्स विथ नो नेम' घ्याच. ते रॉकच्या मवाळ बाजूचं आहे, पण उजवा हात बसवायला यापेक्षा चांगलं गाणं मला माहीत नाही. शिकणाऱ्यांसाठी दोनच आकार पुरतात. पहिला ई मायनर, म्हणजे पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट. दुसऱ्या आकारात तीच दोन बोटं फाकवून सहाव्या आणि तिसऱ्या तारेवर न्यायची, फ्रेट दुसराच, बाकी तारा मोकळ्या. शेवटपर्यंत हेच. आधी प्रत्येक मात्रेला एक खाली फटका, चार मात्रांनी आकार बदला. आठवडाभर फक्त एवढंच वाजवलं तरी चालेल.

त्यानंतर बॉब डिलनचं 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर' (१९७३). यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. जी दोन मात्रा, डी दोन मात्रा, ए मायनर चार मात्रा. दुसऱ्या फेरीत जी, डी आणि ए मायनरच्या जागी सी. लय संथ आहे, त्यामुळे बोटांना वेळ मिळतो. इथली खरी युक्ती बोटांत आहे. जी चार बोटांनी धरा: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आता डीकडे जाताना अनामिका उचलायचीच नाही, ती डीमध्येही तिथेच असते. बाकीची बोटं तिच्याभोवती फिरतात. हे कळलं त्या संध्याकाळी माझं हे गाणं पहिल्यांदा न तुटता पूर्ण झालं. असंच सी आणि ए मायनरमध्ये तर्जनी आणि मधलं बोट जागच्या जागी राहतं, फक्त अनामिका हलते.

एक सूचना. गन्स अँड रोझेसच्या आवृत्तीबरोबर वाजवायला गेलात तर गिटार बेसूर वाटेल, कारण त्यांच्या गिटारी अर्धा सूर खाली लावलेल्या आहेत. सराव डिलनच्या मूळ गाण्याबरोबर करा.

मग द क्रॅनबेरीजचं 'झोंबी' (१९९४). ई मायनर, सी, जी, डी, याच क्रमाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मूळ गाण्यात शेवटची कॉर्ड थोडी वेगळी आहे, पण डीवर भागतं. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला १९९३ मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत दोन मुलं गेली, त्या दुःखातून बँडची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डनने ते लिहिलं. त्यामुळे कडव्यात हळू आणि ध्रुवपदात जोरात, हा फरक फटक्यांत आणाच.

मेटॅलिकाचं 'नथिंग एल्स मॅटर्स' सध्या राहू द्या. सुरुवातीला फक्त मोकळ्या तारा छेडायच्या असल्यामुळे मोह होतो, पण पुढे डाव्या हाताला बरंच काम आहे आणि गाणं अर्ध्यावर सुटतं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ला बार कॉर्ड लागतात, तेही नंतर.

हे सगळं करण्याआधी गिटार एकदा तपासा. बाराव्या फ्रेटवर सहावी तार साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा बरीच उंच असेल तर बोटं दुखणारच. माझी पहिली गिटार अशीच होती आणि मी कित्येक आठवडे बोटांनाच कमजोर समजत होतो. दुरुस्ती करणाऱ्याने ब्रिजवरची (गिटारच्या पोटावर तारा जिथे बांधतात तिथली) पांढरी पट्टी खालून घासून दिली आणि त्याच दिवशी जी स्वच्छ वाजला. हे काम घरी करू नका, पट्टी जास्त घासली गेली तर तारा फ्रेटवर खणखणतात.

रोज वीस मिनिटं पुरे. पहिली पाच मिनिटं फक्त जी-डी, जी-डी, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून. 'झोंबी' न थांबता दोनदा सलग वाजलं की एफकडे वळा, आणि तेव्हा अडलात तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.