मागण्यांची यादी आमदारांकडे नेण्याआधी: ठरावात राहून गेलेल्या एका ओळीबद्दल

तुमची पोस्ट वाचली आणि २०१७ चा ऑक्टोबर डोळ्यांपुढे उभा राहिला. तुम्ही लिहिलंय की नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलात, हिवाळी अधिवेशनाआधी शहराच्या मागण्या आमदारांकडे द्यायच्या आहेत, यादीचं काम नगराध्यक्षांनी तुमच्यावर टाकलंय, प्रत्येक सदस्याने आपापल्या प्रभागाचं सुचवल्याने यादी २४ वर गेली आहे आणि आता ती मांडायची कशी हे सुचत नाही. आमची ३१ वर गेली होती. मीही तेव्हा पहिल्या वर्षातलाच होतो.

सूचक, अनुमोदक, विषयपत्रिका हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. आधी एवढं सांगतो की मी वकील नाही. माझा अनुभव एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेतल्या एका मुदतीचा आहे, म्हणजे १९६५ च्या अधिनियमाखालचा. महापालिकांचा कायदा १९४९ चा, तिथली वाट वेगळी. तेव्हा तुमच्या मुख्याधिकाऱ्यांशी बोलून घ्याच.

आमची चूक आधी सांगतो, कारण ती कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही.

आमच्या शहराची हद्दवाढ झाली होती. तीन वाड्या नव्याने आत आल्या. घरपट्टीची बिलं वेळेवर पोचली, पाणी मात्र टँकरचंच राहिलं. तिथवर मुख्य जलवाहिनी न्यायची आणि एक उंच टाकी बांधायची, ही खरी मागणी. बाकीच्या तीस तिच्या आजूबाजूला जमल्या होत्या. सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने झाला, सगळे खूश. पण ठरावाच्या शेवटी जी ओळ घालायची असते ती घालायची राहून गेली: ‘सभेचे इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता या ठरावाची अंमलबजावणी करण्यात यावी.’ जुन्या सदस्यांना ती तोंडपाठ असते. इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, पुढच्या सभेत कायम (मंजूर) होते; ती ओळ नसेल तर ठराव तोवर अडकतो. त्या दिवशी सभा लांबली, शेवटचे विषय घाईत उरकले आणि ती ओळ कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही, आणि मसुदा मीच लिहिला होता.

ठराव पुढे गेला आणि वाटेतल्या एका कार्यालयात सात आठवडे पडून राहिला. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. मी स्वतः चार खेपा घातल्या. आवक क्रमांक दाखवला की ‘साहेबांच्या टेबलावर आहे’ हे ठरलेलं उत्तर. तिसऱ्या खेपेला तर मी सरळ विचारलं की काही त्रुटी असेल तर आताच सांगा, लगेच पूर्तता करतो. ‘काही नाही, सही राहिली आहे’ असं सांगितलं. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपूरचं अधिवेशन सुरू झाल्यावर, एका ओळीचं पत्र आलं: इतिवृत्त कायम केल्याच्या प्रतीसह फेरसादर करावे. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कागद उघडल्यावर दिसणारी होती. फोनवर सांगितली असती तर आम्ही विशेष सभा बोलावली असती. मला आजही त्या पत्राचा राग येतो. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण कागद अडवायचाच तर तो पहिल्या आठवड्यात अडवा, म्हणजे समोरच्याला हातपाय हलवता येतात.

पुढची सभा जानेवारीत. तोवर दुसरी अडचण उभी राहिली: कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक १ जुलै २०१७ च्या, म्हणजे जीएसटीच्या आधीचं होतं, ते नव्याने करावं लागलं. मग नवी दरसूची (सरकारी कामांच्या दरांची यादी) आली, रक्कम फुगली, पुन्हा तांत्रिक मान्यता. मार्च २०१९ मध्ये लोकसभेची आचारसंहिता, सप्टेंबरात विधानसभेची. त्यानंतर कोरोना. मग आमची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्या वाड्यांना नळाचं पाणी २०२३ मध्ये मिळालं. सहा वर्षं तिथली मुलं टँकर येण्याच्या वेळेनुसार शाळेत जात होती किंवा जात नव्हती. सगळा दोष त्या एका ओळीचा नाही, हे मान्य. पण त्या वेळी गाडी सुटली आणि पुन्हा कधी वेळेवर मिळालीच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ठरावाच्या मसुद्यात ती ओळ आहे का, ते सभेत मोठ्याने वाचून घ्या. आणि सभा झाल्यावर ठरावाची सहीशिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात हातात घ्या.

आता २४ मागण्यांबद्दल. हे माझं ठाम मत आहे, इथले काही जुने सदस्य याच्याशी सहमत नसतील. ‘चोवीस मागा, चार तरी मिळतील’ असं म्हणणारे भेटतील. आमच्या बाबतीत असं झालं: आमदारांनी ३१ मागण्यांचं निवेदन हसतमुखाने घेतलं, फोटो झाले, आणि वर्षभरात त्यांच्या स्थानिक विकास निधीतून दोन कामं झाली. एक प्रवेशद्वाराची कमान आणि एक खुली व्यायामशाळा. दोन्ही आमच्याच यादीत होती, बावीसाव्या आणि सत्ताविसाव्या क्रमांकावर. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही क्रम ठरवला नाही, म्हणून त्यांनी ठरवला. जे सोपं, दिसणारं आणि त्यांच्या हातातलं, ते त्यांनी उचललं.

तेव्हा यादी आधी घरीच छाटा. पालिकेच्या स्वतःच्या अधिकारातली कामं त्यातून काढा. गटारावरची झाकणं किंवा बाजारातल्या ओट्यांचं भाडं यासाठी विधानभवनात जायची गरज नाही. रेल्वेचा उड्डाणपूल, राष्ट्रीय महामार्गावरचा चौक, भटक्या कुत्र्यांचे नियम हे केंद्राच्या अखत्यारीतलं, ते खासदारांकडे न्या. एवढ्यानेच निम्मी यादी जाते.

उरलेल्या प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारा: राज्याने नेमकं काय करायला हवं? कायदा बदलायचा, नियम बदलायचा, शासन निर्णय काढायचा की पैसे द्यायचे? कायदा बदलून घेणं एका लहान शहराच्या आवाक्यात नसतं. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हे २०१६, २०२० आणि २०२२ असं तीनदा बदललं, आणि तिन्ही वेळा ते वरच ठरलं. शासन निर्णय आणि पैसा मात्र मिळू शकतो. शासन निर्णय हवा असेल तर जुना कोणता आड येतो त्याची तारीख आणि सांकेतांक लिहा, दोन्ही शासनाच्या संकेतस्थळावर सापडतात. ‘पदभरतीला मान्यता द्या’ एवढ्याने काही होत नाही. आकृतीबंधातली (मंजूर पदांच्या यादीतली) कोणती पदं, किती वर्षं रिक्त, आस्थापना खर्च (पगार-भत्त्यांचा) ३५ टक्क्यांच्या मर्यादेत बसतो की नाही, हे एका पानावर हवं.

पैशाच्या बाबतीत सगळा खेळ वेळेचा आहे. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, अधिवेशनाच्या सुरुवातीलाच सभागृहात मांडल्या जातात, म्हणजे खात्याने त्या कितीतरी आधी तयार केलेल्या असतात. डिसेंबरात निवेदन घेऊन नागपूरला जाणाऱ्याला त्या वेळी काहीही मिळत नाही. प्रस्ताव सप्टेंबरात मंत्रालयात पोचलेला हवा. तारांकित प्रश्नसुद्धा (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) ऐन अधिवेशनात देता येते, पण रोज मोजक्याच लागतात. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटलं तर त्या दिवसाचं कार्यवृत्त जपून ठेवा, कारण दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

नागपूरला वीस जणांचं शिष्टमंडळ नेऊ नका. आमदार निवासाच्या पायऱ्यांवर दिवस जातो, हॉटेलं मिळत नाहीत, आणि आमदारांना त्या दिवशी शंभर माणसं भेटायची असतात. ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी त्यांच्या घरी तिघांनी जा. त्यांच्या पीएंना कागदाची वेगळी प्रत द्या, कारण पुढचे सगळे फोन तेच घेणार आहेत.

स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातल्या विधान परिषद सदस्यालाही विसरू नका. परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ अशा आहेत, आणि त्यांच्या मतदारांत तुम्ही नगरसेवकही आहात. २०२२ नंतर निवडणुका लांबल्याने त्यातल्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या होत्या. तुमच्याकडची भरलेली असेल तर तुमच्या शब्दाला तिथे इतर कुठल्याही माणसापेक्षा जास्त वजन आहे.

थोडं विषयांतर. माझी भाची टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहते. तिथल्या राज्य विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षाच्या जानेवारीपासून, फार तर १४० दिवस चालतं. त्यामुळे शहरं आदल्या वर्षीच आपला अग्रक्रम नगरसभेत मंजूर करून ठेवतात. संधी चुकली तर थेट दोन वर्षांनी. आपल्याकडे वर्षाला तीन अधिवेशनं आहेत म्हणून आपण निवांत राहतो, आणि तिन्ही हातची जातात.

आणि एक गोष्ट मनात सलते ती लिहितोच. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात सहायक अनुदान आलं. आमच्याकडे तरी त्यातलं बरंचसं पगारात जायचं. ७४ व्या घटनादुरुस्तीने १८ विषय शहरांच्या नावावर लिहिले, पण एका टाकीसाठी शहराला हात जोडूनच उभं राहावं लागतं. हे बदलायला हवं आणि त्यासाठी नगरपरिषदांनी एकत्र येऊन बोलायला हवं. पण ती लढाई या वेळच्या यादीत घालू नका, नाहीतर तुमची पाण्याची मागणी तिच्याखाली दबेल.

तुमच्या २४ पैकी तीन ठेवा. फार तर चार. सभेत कोणाच्या प्रभागाचं काम गळलं म्हणून नाराजी होईल, ती सभेआधीच एकेकाला भेटून दूर करा. आम्ही ती भीड बाळगली म्हणून यादी ३१ वर गेली. तुमच्या सभेची तारीख आणि ठरावाचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर मी ओळन्‌ओळ वाचून देईन. त्यातला शेवटचा परिच्छेद आधी बघेन.